कुलगुरू पाच वर्षांत नेमकं काय करू शकतात?

तासिका | रविवार, रात्री ९.४०

आमच्या विद्यापीठात नव्या कुलगुरूंच्या निवडीची जाहिरात निघाली आहे. विद्यापीठाचं नाव देत नाही, कारण मला जे विचारायचं आहे ते कुठल्या एका विद्यापीठापुरतं नाही. मी तालुक्याच्या गावी संलग्न महाविद्यालयात इतिहास शिकवतो, मध्यंतरी अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळावरही होतो. गेले पंधरा दिवस स्टाफरूममध्ये एकच विषय चालला आहे: कोण येणार, कुठल्या गटाचा, कुठल्या जिल्ह्याचा, कोणाच्या जवळचा. येणारा माणूस काय करणार, हे या पंधरा दिवसांत एकदाही कोणी विचारलेलं ऐकलं नाही.

परवा एफवायच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, कुलगुरू म्हणजे आपले प्राचार्यच ना, फक्त मोठे?" मी तिला पुस्तकी उत्तर दिलं. राज्यपाल हे कुलपती, त्यांच्याखाली कुलगुरू, मग प्र-कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाते. कुलगुरू व्यवस्थापन परिषदेचे आणि विद्या परिषदेचे अध्यक्ष असतात, वगैरे. तिने वहीत लिहून घेतलं. संध्याकाळी एसटीत बसल्यावर मात्र जाणवलं की तिने विचारलेल्याला मी उत्तर दिलंच नाही.

'कुलगुरू' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. हिंदीत याच पदाला 'कुलपति' म्हणत आले, आणि आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये 'कुलपति' बदलून 'कुलगुरु' केलं तेव्हा तिकडे बरीच चर्चा झाली. मराठीत हा शब्द कितीतरी आधीपासून रुळला आहे. आपण त्या पदाला मालक म्हटलं नाही, गुरू म्हटलं. तेव्हा गुरूने काय करायचं असतं, हा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही.

जुनी उदाहरणं काढून बसलो. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. जन्म १८७३ चा, कुलगुरू झाले १९४८ साली, म्हणजे पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर. फेडरल कोर्टाचे न्यायाधीश राहिलेले, घटना समितीत बसलेले गृहस्थ. गणेशखिंडीतलं गव्हर्नरचं जुनं निवासस्थान आणि भोवतालचं रान त्यांच्या ताब्यात आलं आणि तिथे विद्यापीठ उभं करायचं होतं. ते १९५६ पर्यंत राहिले. तिथल्या ग्रंथालयाला आज त्यांचं नाव आहे. त्यांच्यानंतर रँग्लर परांजपे आले, तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते.

आजच्या कायद्याने या दोघांचे अर्ज छाननीतच बाद झाले असते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे कुलगुरूंची मुदत पाच वर्षं किंवा वयाची ६५ वर्षं, यातलं जे आधी येईल ते. त्याच विद्यापीठात दुसरी मुदत नाही. साठाव्या वर्षानंतर आलेल्याला तर पाच वर्षंही मिळत नाहीत. वयाची अट चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण पहिलं वर्ष विद्यापीठ समजून घेण्यात जातं आणि शेवटच्या वर्षी सगळ्यांचं लक्ष पुढच्या कुलगुरूंकडे लागलेलं असतं. मध्ये उरतात तीन वर्षं. त्या तीन वर्षांत आठ कलमी, दहा कलमी कार्यक्रम होत नाहीत. माझं मत असं झालं आहे की चांगल्या कुलगुरूने आल्या आल्या एक गोष्ट हेरावी, आपण गेल्यावर वीस वर्षांनीही विद्यार्थ्याला उपयोगी पडेल अशी, आणि तिला आपला वेळ द्यावा. मुलाखतीत 'व्हिजन' म्हणून जे बोललं जातं त्यापेक्षा माणूस वेळ कुणाला देतो यावरून त्याची दृष्टी मला जास्त कळते.

म्हणून तुम्हाला विचारतो. तुमच्या विद्यापीठातल्या कुठल्या तरी कुलगुरूंचा असा एक निर्णय सांगा, जो तुम्हाला स्वतःला लागू पडला आणि अजून टिकून आहे. गटातटाचं नको, ते रोज ऐकतोच आहोत.

---

सागरमाळ | रविवार, रात्री १०.२५

माझ्याकडे उदाहरण तयार आहे. शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर. १८ नोव्हेंबर १९६२ ला डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार, तुमच्यासारखेच इतिहासाचे. ते पहिल्या दिवसापासून तेरा वर्षं होते.

आवार ८५३ एकरांचं. माझे मामा त्या काळी राजारामपुरीत राहायचे. ते सांगायचे, विद्यापीठ उभं राहिलं त्या सागरमाळावर तेव्हा सावलीला एक झाड मिळायचं नाही. गुरं चारायला नेली तर दुपारी त्यांच्याच सावलीत बसायची वेळ. आता मुख्य इमारतीकडून वसतिगृहाकडे चालत गेलात तर अर्धा रस्ता झाडीतून जातो. आवारात तळी आहेत, विहिरी आहेत. उन्हाळ्यात शहरात टँकरची पळापळ असताना आम्ही वसतिगृहात दोन वेळा आंघोळ करायचो. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. नंतर पुण्यात भाड्याच्या खोलीत पाण्यासाठी पहाटे उठायला लागलो तेव्हा कळलं की कुणीतरी माळावर विद्यापीठ बांधताना आधी पाण्याचा विचार केला होता.

मी 'कमवा आणि शिका'मध्ये राहून एम.ए. केलं. सकाळी काम, दुपारी तास. घरून एक पैसा आला नाही. शाहू महाराज आणि कर्मवीर अण्णांच्या मुलखातल्या विद्यापीठात ही सोय नसती तर ते विद्यापीठ आमचं वाटलंच नसतं.

पण तुमच्या तीन वर्षांच्या हिशेबात हे बसत नाही. झाडाला तेरा वर्षं मिळाली म्हणून झाड झालं.

---

मृण्मयी_ठाणे | रविवार, रात्री ११.१०

मला लागू पडलेला निर्णय माझ्या कपाटात आहे, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये.

मी मुंबई विद्यापीठाची. डॉ. स्नेहलता देशमुख १९९५ ते २००० कुलगुरू होत्या. मुलांच्या शल्यविशारद, त्याआधी शीव रुग्णालयाच्या अधिष्ठाता. त्यांच्या काळात विद्यापीठाच्या कागदपत्रांवर आईचं नाव आलं.

माझे वडील मी चार वर्षांची असताना घर सोडून गेले. आईने पोळीभाजीचे डबे करून मला शिकवलं. शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर वडिलांचं नाव, वडिलांचा व्यवसाय, वडिलांची सही. आई त्या रकान्यांपाशी दर वेळी थांबायची. पदवीची गुणपत्रिका आणली तेव्हा मी काही बोलले नाही, नुसती तिच्या हातात दिली. तिने चष्मा लावला, माझे गुण बघितलेच नाहीत, आपल्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे छापलंय?" तिला वाटलं मी पेनाने लिहून आणलं.

२०२४ मध्ये राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं असा क्रम बंधनकारक केला. विद्यापीठ त्याच्या पाव शतक आधी त्या वाटेवर होतं. यासाठी इमारत लागली नाही, अनुदान लागलं नाही. कुणाला तरी ते दिसावं लागलं, एवढंच.

---

तासिका | रविवार, रात्री ११.३२

मृण्मयीताई, तुमचा प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे, चालेल ना? त्या मुलीला मला असंच काहीतरी सांगायचं होतं.

सागरमाळ, तुमचं म्हणणं खरं आहे. तेरा वर्षं आता कुणालाच मिळणार नाहीत. मग झाड लावणाऱ्याने पुढच्याच्या हातात झारी कशी द्यायची, हा प्रश्न उरतोच.

---

मृण्मयी_ठाणे | रविवार, रात्री ११.३५

वाचा की. आईलाही सांगते.

---

आवक_जावक | सोमवार, सकाळी ७.१५

विद्यापीठात ३३ वर्षं नोकरी केली, कक्षाधिकारी म्हणून निवृत्त झालो. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो तेव्हा आवक-जावकला होतो, म्हणून हे नाव. आतली बाजू सांगतो. विद्यापीठाचं आणि व्यक्तींचं नाव घेणार नाही.

कुलगुरूंचा दिवस कसा जातो हे बाहेर माहीत नसतं. फाईल खालून निघते. सहायक टिपणी लिहितो, कक्षाधिकारी तपासतो, मग सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, कुलसचिव आणि मग कुलगुरू. प्रत्येक जण खाली 'आदेशार्थ सादर' लिहून वर ढकलतो. शिपायाच्या रजेची नसेल, पण परिसंवादाच्या चहापाण्याच्या खर्चाची फाईल मी कुलगुरूंच्या सहीला गेलेली पाहिली आहे. खालच्याला अधिकार नसतात असं नाही. अधिकार असतात, वापरायची भीती असते. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर वरची सही असलेली बरी.

त्यात भर म्हणजे शेकडो महाविद्यालयांची संलग्नता, चौकशी समित्या, उच्च न्यायालयातली प्रकरणं, अधिसभेचे (सिनेटचे) प्रश्न, मोर्चे, उद्घाटनं. आठवड्यातून एकदा तरी मुंबईला मंत्रालयात किंवा राजभवनात. उरलेल्या वेळात दृष्टी.

मी दोन कुलगुरू फार जवळून पाहिले. पहिले अतिशय कार्यक्षम. संध्याकाळी सहाला टेबल मोकळं. एक फाईल दुसऱ्या दिवसावर जायची नाही. आम्ही सगळे खूश होतो. पाच वर्षं संपली, निरोप समारंभ झाला आणि नंतर काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की साहेबांनी सुरू केलेलं असं एकही काम सांगता येत नाही. जे जसं होतं ते वेळेवर चाललं.

दुसरे आले त्यांच्या टेबलावर गठ्ठे साचायचे. स्वीय सहायक हैराण. पण दर मंगळवारी दुपारी ते एका अभ्यास मंडळाला बोलवायचे, स्वतःच्या दालनात नाही, त्या त्या विभागात जाऊन बसायचे. अभ्यासक्रमाचा कागद समोर ठेवून विचारायचे, "हा पाठ मुलाने का शिकायचा?" पहिल्या दोन महिन्यांत प्राध्यापक वैतागले. वर्षभरात स्वतःहून तयारी करून यायला लागले. त्यांनी आणखी एक केलं. सहा-सात प्रकारच्या फायलींचे अधिकार लेखी परिपत्रक काढून खाली दिले आणि आम्हा कक्षाधिकाऱ्यांना सभागृहात बोलावून सांगितलं, चूक झाली तर जबाबदारी माझी. माझ्या ३३ वर्षांत हे वाक्य मी एकदाच ऐकलं.

ते परिपत्रक ते गेल्यावर रद्द झालं नाही. तासिका सर, झारी अशी देतात.

---

पालक_१७ | सोमवार, सकाळी १०.०५

सगळं वाचलं. चांगलं आहे. पण मला विचाराल तर कुलगुरूंनी आधी निकाल वेळेवर लावावेत. अधिनियमात स्पष्ट लिहिलं आहे, शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल, फार तर ४५ दिवसांत. किती विद्यापीठं पाळतात?

२०१७ आठवा. मुंबई विद्यापीठाने पदवीच्या सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. कल्पना वाईट नव्हती. गठ्ठे इकडून तिकडे न्यायचे कष्ट वाचतात, बेरजेच्या चुका टळतात. पण लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करायची तयारी झाली नव्हती, प्राध्यापकांचा सराव झाला नव्हता. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं.

माझी मोठी मुलगी त्या वर्षी शेवटच्या वर्षाला होती. बाहेरच्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता, गुणपत्रिका वेळेत आली नाही. ती रोज सकाळी उठून फोनवर निकालाचं पान उघडायची, मग फोन पालथा ठेवायची. तिचं ते वर्ष कुणी परत देणार नाही. व्हिजन मोठं होतं म्हणूनच ते झालं ना?

---

आवक_जावक | सोमवार, सकाळी ११.२०

पालक_१७, तुमच्या मुलीबद्दल वाईट वाटलं. परीक्षा विभागात मीही सहा वर्षं होतो. तिथे आधी एका छोट्या विद्याशाखेत करून बघायचं, चुका सापडू द्यायच्या, मग वाढवायचं, हा साधा नियम आहे. एका फटक्यात सगळ्या शाखांना लावायचा मोह पाच वर्षांच्या मुदतीमुळेच होतो. माझ्याच काळात झालं पाहिजे असं वाटतं.

तातडीच्या वेळी कुलगुरूंना अधिनियमाच्या कलम १२(७) खाली संबंधित परिषदेची वाट न बघता निर्णय घेता येतो, नंतर तो त्या परिषदेपुढे ठेवायचा. हे कलम खऱ्या अडचणीसाठी आहे. काही ठिकाणी ते रोजच्या वापरात येतं, आणि मग तज्ज्ञ लोक टेबलाभोवती बसून जी हरकत घेतात ती ऐकूच येत नाही.

---

अटलांटिककाठ | सोमवार, दुपारी २.५०

मी अमेरिकेत एका राज्य विद्यापीठात शिकवतो, मूळचा साताऱ्याचा. इथल्या 'प्रेसिडेंट'ची आणि आपल्या कुलगुरूंची तुलना नेहमी होते, म्हणून थोडं सांगतो.

इथे प्रेसिडेंटला विश्वस्त मंडळ नेमतं आणि तेच काढतं. त्याचा पुष्कळ वेळ देणग्या मिळवण्यात, राज्याच्या विधिमंडळासमोर पैसे मागण्यात जातो. शैक्षणिक कारभार 'प्रोव्होस्ट' बघतो. परीक्षा ज्याचा तो शिक्षक घेतो आणि निकालही तोच लावतो. लाखो उत्तरपत्रिका एका जागी तपासायच्या हा प्रकारच नाही. आपल्या कुलगुरूंवर परीक्षा मंडळ, संलग्न महाविद्यालयं आणि संशोधन असा तिहेरी भार आहे. तो इथल्या कुणाला सांगितला तर पटत नाही.

काळाबद्दल म्हणाल तर चार्ल्स एलियट हार्वर्डला १८६९ ते १९०९, चाळीस वर्षं प्रेसिडेंट होते. विद्यार्थ्याने आपले विषय आपण निवडायचे, ही पद्धत त्यांनी तिथे रुजवली. आता आपण नव्या धोरणात 'ऐच्छिक विषय' म्हणतो, त्याच्या मागे एवढी जुनी खटपट आहे. दुसरे क्लार्क कर, कॅलिफोर्निया विद्यापीठाचे. तिथल्या उच्च शिक्षणाच्या १९६० च्या बृहत आराखड्यात त्यांचा मोठा हात होता. राज्यातल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांपासून संशोधन विद्यापीठापर्यंत कुणी काय करायचं ते त्यात वाटून दिलं आणि खालून वर जायचा रस्ता खुला ठेवला. १९६७ मध्ये रोनाल्ड रेगन गव्हर्नर झाल्याबरोबर महिन्याभरात विश्वस्तांनी करांना काढून टाकलं. आराखडा मात्र टिकला.

तेव्हा नुसती मुदत वाढवून भागत नाही. काम कायद्यात, नियमात उतरवलं तर माणूस गेला तरी राहतं. कक्षाधिकारी साहेबांच्या परिपत्रकाचीच मोठी आवृत्ती.

---

नवउद्योजक_नाशिक | सोमवार, सायंकाळी ६.३०

मला एक कळत नाही. कुलगुरू प्राध्यापकच का असावा लागतो? दहा वर्षं प्रोफेसर हवा ही अट कशाला? जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मसुदा काढला होता, त्यात उद्योग, प्रशासन, सार्वजनिक क्षेत्रातल्या अनुभवी लोकांनाही संधी द्यावी असं होतं. त्यावर केवढा गदारोळ झाला. शंभर कोटींचा कारभार चालवलेला माणूस विद्यापीठ का चालवू शकणार नाही?

---

तासिका | सोमवार, रात्री ९.१५

याचा मीही विचार केला आहे, आणि माझं उत्तर सरळ 'नको' असं नाही. जयकर बॅरिस्टर होते. पुणे विद्यापीठाचेच नंतरचे कुलगुरू काकासाहेब गाडगीळ राजकारणातले, केंद्रीय मंत्री राहिलेले. तिथलेच हरिभाऊ पाटसकर कायदामंत्री होते. चिंतामणराव देशमुख तर आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, अर्थमंत्री. ते १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नावाच्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. स्वातंत्र्य चळवळीतल्या कार्यकर्त्या, घटना समितीच्या सदस्य. १९४९ पासून नऊ वर्षांत त्यांनी गृहविज्ञान, समाजकार्य आणि ललित कला या विद्याशाखा उभ्या केल्या. बडोद्याचं चित्रकलेचं नाव देशभर झालं ते त्यातून.

पण ही सगळी माणसं वाचणारी, लिहिणारी होती. विद्वानासमोर बसून त्याचं ऐकून घेण्याची त्यांना सवय होती. मला भीती प्रोफेसर नसलेल्याची नाही. विद्यापीठाचा हिशेब मालाच्या हिशेबासारखा वर्षअखेरीला जुळतो असं मानणाऱ्याची आहे. पाली किंवा मोडी शिकवणाऱ्या विभागात चार विद्यार्थी असतील, तर तो विभाग बंद करायचा का? कारखान्याच्या हिशेबात 'हो'. विद्यापीठात मात्र त्या चौघांमुळेच पुढच्या पन्नास वर्षांत ती कागदपत्रं वाचणारं कुणीतरी उरतं.

मला सगळ्यात जवळचं उदाहरण कलकत्त्याचं वाटतं. सर आशुतोष मुखर्जी. पेशाने उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. १९०६ ते १९१४ आणि पुन्हा १९२१ ते १९२३ कुलगुरू. सरकारी हिशेब खात्यात नोकरी करणाऱ्या सी. व्ही. रामन यांना त्यांनी विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आणलं. म्हैसूरहून राधाकृष्णन यांना आणलं. आपल्या पुण्याचे देवदत्त भांडारकर, रामकृष्णपंतांचे चिरंजीव, त्यांनाही प्राचीन भारतीय इतिहासाच्या अध्यासनावर नेलं. भाषा, प्रांत काही बघितलं नाही. माणूस हेरायचा आणि त्याला जागा द्यायची. १९२२ मध्ये बंगाल सरकारने अडीच लाखांच्या अनुदानाला अटी जोडल्या, तेव्हा विद्यापीठ अडचणीत असतानाही त्यांनी सिनेटसमोर उभं राहून त्या नाकारल्या.

---

सीएचबी_११_वर्षं | सोमवार, रात्री १०.४०

सर, माणूस हेरायचा आणि जागा द्यायची, हे वाचून मी फोन बाजूला ठेवला. थोड्या वेळाने परत घेतला.

मी नेट झालेली, पीएच.डी. झालेली, अकरा वर्षं तासिका तत्त्वावर (सीएचबी, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन) शिकवते आहे. जूनमध्ये मुलाखत, मार्च-एप्रिलमध्ये काम संपतं, उन्हाळ्यात काही नाही. विभागात मंजूर पदं सहा, भरलेली दोन. सहीच्या रजिस्टरवर माझं नाव शेवटी, वेगळ्या पानावर. कुलगुरूंना मी दोष देत नाही, पद भरायला शासनाची मान्यता लागते हे मला ठाऊक आहे. पण ज्या विभागात सहापैकी चार खुर्च्या रिकाम्या, तिथे दृष्टी कुणाच्या हातांनी उतरणार? मला एवढंच हवं आहे की कुलगुरूंनी हे जाहीरपणे बोलावं. दीक्षान्त समारंभात, कुलपती समोर बसलेले असताना, आकड्यासकट.

---

नागसेनवन | सोमवार, रात्री ११.२५

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार खरं आहे.

मी छत्रपती संभाजीनगरहून. आमचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ चं, उद्घाटनाला पंडित नेहरू आले होते. त्याआधी मराठवाड्यातली महाविद्यालयं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. पहिले कुलगुरू डोंगरकेरी मुंबई विद्यापीठातून आलेले. मागे लेण्यांचा डोंगर, पुढे मोकळं रान.

पण आमचं विद्यापीठ लोकांच्या मनात आहे ते नामांतरामुळे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या वर्षांत गावागावांत घरं जळली, माणसं गेली. दर १४ जानेवारीला हजारो लोक विद्यापीठाच्या गेटवर माथा टेकायला येतात. त्यातले कित्येक विद्यापीठात शिकलेले नाहीत. माझी आजी यायची, तिला सही करता येत नव्हती. ती गेटच्या खांबाला हात लावायची आणि मला म्हणायची, "आत जायचं हं तू."

आमच्या कुलगुरूंनी रोज त्या गेटमधून गाडी आत घेताना त्या लोकांची आठवण ठेवावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. मग शिष्यवृत्तीची फाईल कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहे हे ते आपणहून विचारतील.

---

घरोघरी | मंगळवार, सकाळी ८.५०

एक नाव राहिलं. प्रा. राम ताकवले. १९७८ ते १९८४ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्या विद्यापीठाचं ब्रीद. माझी आई दहावीनंतर लग्न होऊन आली आणि ४२ व्या वर्षी त्या विद्यापीठातून बी.ए. झाली. पुस्तकं पोस्टाने यायची. रात्री भांडी झाली की ओट्यावरच वही उघडायची, कारण स्वयंपाकघरातला दिवा जास्त उजेडाचा होता. तिची ती पुस्तकं मी टाकली नाहीत, समासात तेलाचे डाग आहेत.

---

तासिका | मंगळवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. आज वर्गात मृण्मयीताईंचा आणि नागसेनवन यांचा प्रतिसाद वाचला. त्या मुलीने तास संपल्यावर येऊन विचारलं, "मग आपल्या नव्या कुलगुरूंना आपण काही सांगू शकतो का?" तिचं बरोबर आहे. शोध समिती पाच नावं पाठवते, कुलपती त्यातला एक निवडतात, त्यात आपला काही हात नाही. पण निवड झाल्यावर आपण गप्प बसायचं असं कुठे लिहिलं आहे?

आमच्या मतदारसंघातून अधिसभेवर गेलेले एक सदस्य ओळखीचे आहेत. त्यांच्यामार्फत नव्या कुलगुरूंना तीन प्रश्न विचारायचं ठरवतो आहे. मंजूर पदांपैकी किती रिकामी आहेत ते विभागवार आकडे दर वर्षी दीक्षान्त समारंभात जाहीर कराल का? कोणत्या फायलींचे अधिकार लेखी परिपत्रकाने खाली देणार? आणि पाच वर्षांनी विद्यार्थ्याच्या हातात राहील अशी कोणती एक गोष्ट करायचं मनात आहे?

आवक_जावक साहेब, प्रश्नांचा मसुदा नीट नियमात बसेल असा करायला मदत कराल का?

---

आवक_जावक | मंगळवार, रात्री ९.०५

करतो. तिसरा प्रश्न असाच ठेवलात तर कार्यालय 'मताचा प्रश्न' म्हणून नाकारेल. त्याऐवजी विद्यापीठाच्या बृहत आराखड्यातलं कुठलं काम पहिल्या वर्षी हाती घेणार आणि त्यासाठी किती तरतूद, असं विचारा. मार्चच्या बैठकीत अर्थसंकल्प येतो, म्हणजे तरतुदीचं उत्तर द्यावंच लागतं. पहिला प्रश्न दोन भागांत तोडा. आकडे वेगळे, जाहीर करण्याचं वेगळं. आकडे नाकारता येत नाहीत. प्रश्न मुदतीत आणि लेखी द्या, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मसुदा मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा. रविवारपर्यंत तपासून देतो.

---

सीएचबी_११_वर्षं | मंगळवार, रात्री ९.२०

आमच्या विभागाचे आकडे मी देते. सहा वर्षांचे आहेत माझ्याकडे, वहीत लिहून ठेवलेले.